सोमवारची दाढी

सलूनला सुट्टी सोमवारी असायची आणि सलूनवाल्या काकांना कधीच नसायची. आठवडाभर ते खुर्चीमागे उभे असत. सोमवारी मात्र वस्तरा, कात्री, साबण धोकटीत भरून निघत आणि अंथरुणाला खिळलेल्यांची दाढी करत नऊ घरं फिरत. घेत काही नसत, चहा तेवढा पीत. बायको म्हणायची, "घरच्यांच्या डोक्यावर जंगल माजू दे, तुम्ही गाव भादरत फिरा."

तसा माणूस भारी घरवेडा. दोन्ही मुलींच्या वेण्या लग्नापर्यंत त्यांनीच घातल्या. वेणी झाली की दुकानातल्यासारखा मागून आरसा धरायचे. धाकटीला तर त्यांनी फुग्याला फेस लावून वस्तरा चालवायला शिकवला होता. फुगे किती फुटले ते विचारू नका.

तिचं बाबांशी बिनसलं ते नव्या घरामुळे. तिने आणि तिच्या प्लंबर नवऱ्याने हौसेने सगळ्यांना जेवायला बोलावलं, आणि दिवस नेमका सोमवार. बाबा उगवले चार वाजता, बाहीवर कुणाचे तरी पांढरे केस घेऊन. पाहुणे पांगले होते. आईने तिथेच त्यांची बिनपाण्याने केली, पण धाकटी एक शब्द बोलली नाही. तो अबोला दोन महिने चालला.

मग एका रविवारी स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, म्हणून तिने बाबांना फोन केला. नळाबद्दल बोलली, त्यापुढे अक्षर नाही. "गुरुवारी येतो," ते म्हणाले. बुधवारी दुकानातली खुर्ची पुसता पुसता गेले.

सगळं गाव लोटलं. जो तो त्यांचे गोडवे गात होता, आणि धाकटीला एकच गोष्ट आतून खात होती. आपला राग गेलाय हे बाबांना कळलं होतं का? विचारणार कुणाला?

पंधरा दिवसांनी आईने धोकटी तिच्या हातात दिली. "मास्तरांचा निरोप आलाय. धाकटीलाच पाठवा म्हणाले, धोकटीसकट."

मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. कमरेखालून अधू, पण जीभ शाबूत. खिडकीजवळच्या पलंगावर दाढीचे खुंट वाढवून बसले होते.

"तू धाकटी," ते म्हणाले. "सातवीत गणितात तेवीस. पाल दिसली की स्टुलावर चढतेस."

"बाबांनी सांगितलं?"

"दर सोमवारी एक भाग. वस्तरा गळ्यावर असला की माणूस गपगुमान ऐकतो. आणि ऐन रंगात आलं की हा फेस पुसायचा. उरलेलं पुढच्या सोमवारी. नऊही घरांत हेच. तुमच्याकडे कुठवर आलंय, म्हणून आम्ही एकमेकांना फोन करायचो."

हसावं की चिडावं तिला कळेना. तिच्या घरची धुणी नऊ घरांत वाळत होती तर.

"तुझा अबोला मात्र फार लांबवला त्याने. दर सोमवारी तेच. 'मास्तर, अजून बोलत नाही.' आम्ही वैतागलो होतो."

तिने धोकटी खाली ठेवली. "मग?"

"मग शेवटच्या सोमवारी शीळ घालत आला. म्हणे, लेकीचा फोन आला, राग गेला. मी विचारलं, तसं म्हणाली? तर म्हणे, नाही, नळ गळतोय म्हणाली." मास्तर हसायला लागले. "मी म्हटलं, यात राग गेला कुठे? तर म्हणतो, अहो मास्तर, नवरा प्लंबर आहे तिचा."

धाकटी मटकन स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली. मास्तरांनी तिला रडू दिलं. मग हनुवटी पुढे करून म्हणाले, "आता हे उरक बाई, खाज सुटलीय."

तिने फेस केला. वस्तरा उचलताना फुगे आठवले. गळ्याशी एकदा बारीकसं कापलं, तिथे तिने तुरटी फिरवली. फेस पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "नळाचं काय झालं?"

"गळतोय अजून. मी नवऱ्याला हात लावू देत नाही."

"आता लावू दे."

तिने मान डोलावली आणि बाबांच्या सवयीने मागून आरसा धरला. मग लक्षात आलं, दाढी केलेल्याला तो पुढून दाखवायचा असतो.