शेंदराखालची वाघजाई

रत्नाबाई देवळात चपला हातात धरूनच शिरायची. बाहेर ठेवल्या तर कुत्रं नेतं म्हणायची. वाघजाईला अगंतुगं करायची. शेंदूर तेलात अनामिकेनं कालवायची आणि बोट दाराच्या चौकटीला पुसायची. प्रसादाचा नारळ कुणाला वाढवू द्यायची नाही.

पौडच्या वरच्या वस्तीत चाळीस वर्षं शेंदूर तिनंच लावला. थरावर थर चढून वाघजाईचा नुसता गोळा झाला होता. वर चांदीचे डोळे.

शेजारची अपेक्षा मराठी घेऊन बी.ए. झालेली. तिची रत्नाबाईशी भारी गट्टी. ती म्हणाली, "आत्या, आत कोरीव मूर्ती असणार. शेंदूर काढला तर आपल्याकडे काय आहे ते तरी कळेल."

"कळून काय करतीस? लगीन लावतीस तिचं?"

अपेक्षानं हट्ट सोडला नाही. देवस्थानच्या दादासाहेबांना पटवलं. एप्रिलात डावी बाजू खरवडली. काळा दगड निघाला. कमरपट्टा, साडीच्या निऱ्या, आणि कोपरापासून तुटलेला हात.

"थांबवा," दादासाहेब म्हणाले. "खंडित हाय. खंडित देव पुजत न्हाईत."

हात तुटलेला आहे हे रत्नाबाईला ठाऊक होतं. ती नवी नवरी असताना एकदा शेंदराचं कवच आपोआप गळालं होतं. कुणाला कळायच्या आत सासूनं आणि तिनं नवा लेप चढवला होता. तेव्हापासून ती तो हात झाकत आली होती.

मूर्ती बुडवू नये म्हणून अपेक्षानं तहसीलात अर्ज दिला. पण त्याआधीच दादासाहेबांनी ती धरणात सोडली होती. देवळात संगमरवराची वाघजाई आली.

"लई गोरी हाय," रत्नाबाई म्हणाली. "सासूला घालवून आलेली सून जनू."

अपेक्षा रडू लागली. "आत्या, मला शिव्या तरी दे."

"तुला ठावं नव्हतं. मला ठावं असून मी गप बसले. आता लिही. ते तोंड पाह्यलेली आता मी एकटीच उरलीया."

रोज दुपारी ती सांगायची, अपेक्षा वहीत उतरवायची. सुरुवात पायांपासून, कारण देवाला आधी पायांशी भेटायचं. डावी टाच किंचित उचललेली. पोटावर बाळंतिणीसारख्या तीन वळ्या.

"दागिनं कोन बी कोरंल," रत्नाबाई म्हणाली. "ह्या वळ्या कोरायला घरातली बाई नीट बघितलेली लागती. कोरनारानं आपली आई कोरलीया, अपे."

पाचव्या दिवशी गळ्यापर्यंत आल्या.

"तोंड उद्या. घाईत सांगायचं न्हाई."

पहाटे रत्नाबाई गेली. झोपेतच.

वहीतली शेवटची ओळ अशी: गळ्यात दोनपदरी माळ, आणि तिच्यावर