राठोडजींचं ‘सेट’

“वाफ तो कल लगेगी. अभी इस्तरी मारके सेट कर दो.”

आमचे छपाईचे मास्टरजी इस्त्रीवाल्या भैयांना दबक्या आवाजात सांगत होते. मी पडद्याच्या अलीकडे पॅकिंगच्या पिशव्यांना लेबलं लावत होते. बाहेर ऑफिसात लंडनहून आलेली हेलन, आमची बायर, बसली होती. इस्त्रीला आलेल्या याच चादरी घेऊन ती संध्याकाळच्या विमानाने निघणार होती.

मोबाइलला कॅमेरा असला की लोक तो हातात मागून घेऊन बघायचे, त्या काळातली ही गोष्ट. सांगानेरच्या एका ब्लॉक प्रिंटिंग युनिटमध्ये मी मर्चंडायझर होते. म्हणजे बायर आणि कारखाना यांच्यामध्ये निरोप पोचवणारी. बाबांची बँकेतून जयपूरला बदली झाली होती आणि मी इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मेल लिहायचं काम माझ्याकडे आलं. बोलायचं काम मालकांचं, राठोडजींचं. ही वाटणी मला अगदी सोयीची होती.

राठोडजींचं इंग्लिश एकाच शब्दावर चालायचं आणि तो त्यांना पुरायचा. एक चादर आणि दोन अभ्रे म्हणजे सेट. नक्षीतल्या प्रत्येक रंगाचा लाकडी ठसा वेगळा असतो, ते सगळे ठसे मिळून सेट. बायर खूश झाली की ती सेट. कस्टमवाला ऐकत नसेल तर त्याला सेट करायचं. पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हाही ते म्हणाले, “लड़का सेट हो गया.” माल कधी निघणार असं बायरने विचारलं की उत्तर ठरलेलं: “लिख दो, ऑल सेट.” मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. भुवया वर गेल्या असतील तर पंधरा दिवस लागणार. हात मिशीवर गेला असेल तर अजून कापडच आलेलं नाही. तसं मी नम्र इंग्लिशमध्ये लिहायचे.

पण रंग सेट होणं ही एक गोष्ट चेहरा बघून भागणारी नव्हती. आमच्याकडे कापड छापून वाळलं की त्याला वाफ देतात. त्या वाफेने रंग धाग्यात धरतो. वाफेआधीचं कापड दिसायला झकास असतं. पाण्यात घातलं की रंग सुटतो.

आणि हेलनने सकाळीच सांगितलं होतं, की तिचा हॉटेलवाला गेल्या गेल्या या चादरी पांढऱ्या टॉवेलांबरोबर मशीनला लावणार आहे. नीट निघाल्या तर सगळ्या खोल्यांची ऑर्डर आमची. चादरीवर निळ्या हत्तींच्या रांगा होत्या. ते हत्ती लंडनच्या टॉवेलांवर उतरलेले मला आत्ताच दिसत होते.

राठोडजींना मी व्हरांड्यात गाठलं.

“सर, वाफ नहीं लगी है.”

“बेटा, मेहमान के मुँह पर ना नहीं बोलते. वहाँ जाके सेट हो जाएगा.”

“वहाँ जाके धुलेगा, सर.”

“लंदन का पानी ठंडा होता है,” म्हणाले आणि आत गेले.

एकच आशा होती. कुठलीही बायर अंगठा ओला करून कापडावर घासतेच. रंग कच्चा असेल तर अंगठा सांगतो. पण आमच्या युनिटचा एक रिवाज होता: पाहुण्याचे दोन्ही हात रिकामे राहता कामा नयेत. आल्यापासून हेलनच्या एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात प्याज कचोरीची बशी होती. चादरी ती कौतुकाने लांबूनच बघत होती.

मी हसून तिच्या हातातली बशी काढून घेतली. लगेच मास्टरजींनी त्या हातात मिर्ची वडा दिला. मी चहाचा कप उचलला. राठोडजींनी त्या हातात लाखेच्या बांगड्यांचा डबा ठेवला. “गिफ्ट, मॅडम! फुल सेट!” मग मी डबा मागितला, तर हेलनला वाटलं मला बांगड्या हव्यात. तिने प्रेमाने त्यातल्या दोन मला दिल्या.

तेवढ्यात टॅक्सी आली. चादरी डिकीत गेल्या. हेलन मागच्या सीटवर बसली. मांडीवर डबा, हातात वाटेत खायला घेवर मिठाईचा पुडा.

“सो, इट्स ऑल सेट?” तिने विचारलं.

“ऑल सेट!” राठोडजी म्हणाले. मास्टरजी म्हणाले. इस्त्रीवाले भैयासुद्धा म्हणाले. मग तिने माझ्याकडे बघितलं.

पुढचं थोडक्यात सांगते. चादरी डिकीतून उतरल्या, रीतसर वाफ घेऊन, धुऊन आठवड्याने कुरियरने गेल्या, आणि ऑर्डर आली. राठोडजी चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग पुढच्या बायरच्या वेळी म्हणाले, “इसको सामने बिठाओ, इस पर भरोसा करते हैं अंग्रेज.” त्यातून मी एवढंच शिकले, की एकदा तोंड उघडलं की तेही आपल्या कामात धरलं जातं.

मी साहेबीणबाईंना इंग्लिशमध्ये लेक्चर दिलं, असं मास्टरजी अजूनही सगळ्यांना सांगतात. लेक्चर वगैरे काही नव्हतं. टॅक्सीचं दार धरून मी एवढंच म्हणाले होते:

“नो, मॅडम. प्लीज डोन्ट वॉश देम. दे आर नॉट रेडी.”