उत्तराताईंच्या गच्चीतले भुंगे

क्षिप्राच्या केळवणाला सरबत असेल तर ते गच्चीतल्या कृष्णफळाचंच असेल, हे उत्तराताईंनी तिचं लग्न ठरण्याच्या कितीतरी आधी ठरवून टाकलं होतं. क्षिप्रा म्हणजे त्यांच्या धाकट्या दिराची, श्रीपादची मुलगी. आई गेली तेव्हा ती दुसरीत होती. श्रीपाद तिसऱ्या मजल्यावर, उत्तराताई चौथ्यावर, आणि ही मुलगी दप्तर खाली टाकून जेवायला वर, अशी वाढली.

उत्तराताई आमच्या शेजारी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान माझे मित्र. ते गेल्यापासून घरातलं बाहेरचं सगळं श्रीपाद बघत असे. बँक, गॅस, दिवाळीतला रंग. रोज संध्याकाळी चहाला वर येई. लग्न होऊन त्या डोंबिवलीत आल्या तेव्हा तो शाळेत होता, त्याचा अभ्यास त्यांनी घेतला होता. त्या त्याला भाऊजी म्हणत, पण बोलण्याचा सूर आईचा असे.

गच्चीची बाग ही त्यांची निवृत्तीनंतरची कमाई. ड्रममध्ये वांगी, टोमॅटो, दुधी, तोंडली, आणि सोलरच्या जुन्या सांगाड्यावर चढवलेले पिवळ्या कृष्णफळाचे, म्हणजे पॅशन फ्रूटचे, दोन वेल. दोन का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, एका वेलाचं फूल स्वतःच्याच परागावर धरत नाही, दुसऱ्या वेलाचा पराग लागतो. आणि तो इकडून तिकडे नेतो तो काळा भुंगा. मधमाशीचा जीव त्या फुलासाठी लहान पडतो; भुंग्याची पाठ बरोबर परागाला घासते.

म्हणून त्यांनी भुंग्यांसाठी घर केलं होतं. वाळलेल्या बांबूंची एक मोळी, पंपाच्या खोलीच्या छपराखाली उंच टांगलेली. भुंगीण बांबूला पेन्सिल जाईल एवढं गोल भोक पाडून आत अंडी घालते. खाली पिवळा भुसा पडायचा, तो ताई रोज झाडून घ्यायच्या. कोणी वर गेलं की त्यांचं सुरू व्हायचं. वांग्याचं भरीत, तोंडल्याची भाजी, फोडणीतली मोहरी, मसाल्यातले धणे, चहातली वेलची, सकाळची कॉफी; या प्रत्येकात कुठल्या ना कुठल्या माशीचा हात आहे. त्यांचा मुलगा अद्वय परदेशात असतो. त्याने एकदा फुलांना पराग लावणाऱ्या इवल्याशा उडत्या यंत्राचा व्हिडिओ पाठवला. ताईंनी तो आम्हा सगळ्यांना दाखवला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण याला अंडी घालता येतात का विचार."

अडचण सुरू झाली ती सोसायटीने गच्चीवर नवे सोलर पॅनल बसवायचं ठरवल्यावर. दुसऱ्या मजल्यावरच्या रुचिता म्हणाल्या, भुंगे अंगावर येतात, मुलांना चावतील, आधी ते काढा, मग मी संमतीची सही करते. त्यांच्यामागे आणखी दोघे-तिघे बोलले. भुंगा उगाच चावत नाही, हातात पकडला तरच डंख करतो, असं ताईंनी समजावलं. सेक्रेटरी होता श्रीपाद. त्याने भर सभेत उभं राहून सांगितलं, "वहिनींच्या बांबूला कोणी हात लावणार नाही. मी शब्द देतो." विषय संपला. पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्या सह्या झाल्या. रुचितांचीही. ताईंना वाटलं, पटलं असेल.

गणपतीला ताई चिपळूणला माहेरी गेल्या. गच्चीची किल्ली नेहमीप्रमाणे श्रीपादकडे दिली. परत आल्या तेव्हा पॅनल बसले होते, वेल मात्र जागच्या जागी, पाणी घातलेले, खालची वाळकी पानंसुद्धा काढलेली. मोळी छपराखाली तशीच टांगलेली. ताईंना भरून आलं. गुडघे दुखत असताना दिवसातून दोनदा जिने चढून पाणी घातलं म्हणून त्यांनी श्रीपादला चिपळूणहून आणलेला खाजा दिला, वर आम्हालाही त्याचं कौतुक सांगितलं.

पावसाने उघडीप दिली आणि वेल असे फुलले की खालच्या रस्त्यावरून लोक मान वर करून बघू लागले. जांभळी-पांढरी झालर असलेलं ते फूल दुपारी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. मिटलेली फुलं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देठासकट गळू लागली. फळ एकही धरेना. भुंगे दिसत नव्हते. ताईंनी श्रीपादला विचारलं. तो म्हणाला, "पावसाने गेले असतील, वहिनी. येतील." ताईंनी मग स्वतःवरच घेतलं. छाटणी उशिरा केली असेल, शेणखत जास्त झालं असेल. वांगीही नेहमीसारखी धरत नव्हती.

केळवण डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ठरलं होतं. फूल धरल्यापासून फळ पिकायला दोन-अडीच महिने लागतात, म्हणजे थांबायला सवड नव्हती. ताईंनी भुंग्याचं काम स्वतः करायला घेतलं. टोमॅटोच्या फुलांना अद्वयचा जुना विजेवर चालणारा टूथब्रश लावून थरथरवायच्या. कृष्णफळासाठी रंगाचा मऊ ब्रश. भर दुपारी उन्हात स्टुलावर उभं राहून एका वेलाचा पराग दुसऱ्या वेलाला. वय बासष्ट, त्यात रक्तदाबाची गोळी.

श्रीपाद रोज दुपारी वर यायचा आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहायचा. मी सुट्टीच्या दिवशी हे पाहिलंय. ताई गमतीने म्हणायच्या, "बघा, पेशवाईत सुद्धा वहिनीवर कोणी छत्र धरलं नसेल." तो हसायचा. एकदा त्याने असंही म्हटलं की एवढं कशाला, बाजारातून सरबताची बाटली आणू. ताई म्हणाल्या, मग बाजारातूनच पोरगीही आणायची होती.

काही फुलं धरली. थोडीच, पण धरली.

नोव्हेंबरात एका रविवारी ताईंनी मला शिडी धरायला बोलावलं. श्रीपाद क्षिप्राच्या खरेदीसाठी ठाण्याला गेला होता. मोळी खाली काढून बघू, ओल लागून बुरशी आली असेल तर बांबू बदलू, असं त्यांचं म्हणणं. मी चढतो म्हटलं, तर ऐकेनात. वर गेल्या, एकेका बांबूवरून बोट फिरवलं. मग मोळीची दोरी सोडून ती हळूच माझ्या हातात दिली.

बांबूला एकही भोक नव्हतं. म्हणजे भोकं होती, पण रंगारी लाकडाच्या फटी बुजवायला लांबी वापरतात, ती त्यांत ठासून भरलेली होती. गुळगुळीत घासलेली, आणि वर बांबूच्याच रंगाचा हात दिलेला. खालून बघणाऱ्याला कधी कळलं नसतं. ताईंनी नखाने एक टवका काढला. आत, भोकाच्या तोंडाशी, एक भुंगा डोकं बाहेर काढायच्या बेतात वाळून गेला होता.

"किल्ली कोणाकडे होती," असं त्यांनी विचारलं. मला उत्तर द्यायची गरज नव्हती.

नंतर रंगाऱ्याकडून आणि रुचितांकडून कळलं ते एवढंच. रुचितांसकट चार जणांची सही त्याने भुंगे जातील या अटीवर घेतली होती. ताईंशी वाईटपणा नको आणि त्यांच्याशीही नको. म्हणून ताई गावाला गेल्यावर रंगाऱ्याकडून हे काम उरकून घेतलं. वेलाला कोणी हात लावायचा नाही, हे त्याने रंगाऱ्याला बजावून सांगितलं होतं. फुलं येणार म्हणजे फळं येणार, असा त्याचा हिशेब. तेवढा बहुतेकांचा असतो.

मी ताईंना विचारलं, त्याला बोलणार का. त्या म्हणाल्या, केळवण होईपर्यंत नाही, पोरीच्या घासात खडा नको. तोवर तो संध्याकाळी चहाला येत राहिला. ताई चहा देत राहिल्या. दुपारी वर गेल्या की तो छत्री घेऊन हजर. आणि त्या ब्रश फिरवत राहिल्या. ते बघणं मला जड जायचं.

केळवण थाटात झालं. भरली वांगी गच्चीतली, पण अर्धी बाजारातून आणून पुरी केलेली. कृष्णफळाचं सरबत क्षिप्रा आणि होणाऱ्या जावईबापूंपुरतंच झालं, बाकी पानांना कोकम. क्षिप्राने एक घोट घेऊन डोळे मिटले आणि म्हणाली, "काकू, हे मला आता सासरी कुठे मिळायचं?" ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. श्रीपाद कौतुकाने बघत होता.

पाहुणे गेले, क्षिप्रा खाली गेली. ताईंनी आतून एक बांबू आणून श्रीपादच्या पुढ्यात ठेवला. मी उठायला लागलो तर त्यांनी बसा म्हणून खूण केली.

श्रीपाद बांबूकडे बघत बसला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणूनच मी..."

"भोकं बुजवलीत ते मी समजून घेतलं असतं," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "भांडले असते, चार दिवस बोलले नसते. रंग कशाला दिलात वरून?"

श्रीपादने बांबू हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला.

"आणि छत्री? मी उन्हात का उभी आहे ते माहीत असून रोज वर येत होतात. काय वाटायचं तुम्हाला तेव्हा?"

तो म्हणाला की त्याला दुसरं काही सुचत नव्हतं, निदान ऊन तरी लागू नये. मला वाटतं तो खरं बोलत होता. त्यामुळेच ताईंना ते जास्त लागलं.

ताईंनी बांबू उचलून घेतला. "तुमचं केळवणाचं ताट नीट झालं ना, सेक्रेटरी?" असं विचारून त्या आत गेल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला त्या नावाने हाक मारलेली मी प्रथमच ऐकली.

क्षिप्राचं लग्न झालं. कन्यादानाला ताई श्रीपादच्या शेजारी बसल्या, काही कमी पडू दिलं नाही. तिला यातलं काही माहीत नाही. गच्चीच्या किल्ल्या आता दोन्ही ताईंकडे असतात. छपराखाली त्यांनी नवी मोळी टांगली आहे, अजून खाली भुसा पडलेला नाही.

मार्चमध्ये वेल पुन्हा फुलले. मी दुपारी वाळत घातलेले कपडे काढायला वर गेलो होतो. ताई यजमानांची जुनी क्रिकेटची टोपी घालून स्टुलावर उभ्या होत्या, हातात ब्रश. गच्चीच्या दारात श्रीपाद मिटलेली छत्री घेऊन उभा होता. गच्चीत पाऊल टाकावं की नाही हे त्याला कळत नव्हतं.

ताईंनी मान वळवली नाही.

"ऊन जिन्यात जातंय," त्या म्हणाल्या. "जाताना दार ओढून घ्या, सेक्रेटरी."