पिल्लाची पहिली शिकार

रबराच्या गरम पाण्याच्या पिशवीचा वास आला की मला नाशिकमधली भारनियमनाची ती थंडी आठवते. मी तेव्हा कॉलेजात होते. माझा आतेभाऊ परदेशी जाताना बिअर्डेड ड्रॅगनचं, म्हणजे दाढीवाल्या सरड्याचं पिल्लू माझ्या हवाली करून गेला होता. ते जेमतेम बोटाएवढं होतं आणि उबेसाठी त्याच्या काचेच्या पेटीत एक बल्ब होता. "शेवटी पालच ती! माझ्या स्वयंपाकघरात नको," आईनं पहिल्याच दिवशी बजावलं. पण रोज सकाळी वीज जायची, पेटी गार पडायची आणि पिल्लू डोळे मिटून घ्यायचं. चार दिवस त्यानं काहीच खाल्लं नाही. पाचव्या दिवशी दुपारी मी घरी आले, तर आई गच्चीवर उन्हात बसलेली, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, तिच्यावर टॉवेल आणि टॉवेलवर पिल्लू. "हळू बोल, आत्ताच डोळे उघडलेत त्यानं," ती कुजबुजली. मी मैत्रिणीच्या द्राक्षबागेतून डबीत आणलेला छोटा नाकतोडा समोर सोडला. पिल्लानं मान तिरकी केली, झेप घेतली आणि तो मटकावला. "खाल्लं गं, खाल्लं!" आई अशी ओरडली की खालच्या मजल्यावरचे शेजारी धावत वर आले. उन्हाळ्यापर्यंत ते दीड वीत झालं, गळ्याखालची दाढी फुगवू लागलं, आणि आई ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवू लागली. पुढे माझ्या मुलानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हाही आई आनंदानं ओरडली, पण खरं सांगायचं तर इतक्या जोरात नाही.