मेहुण्यानं सर्व्हर वाढवला

माझ्या मेहुण्याइतका अहिंसक माणूस अख्ख्या भालकी तालुक्यात सापडायचा नाही. डास चावला तर तो आधी त्याची क्षमा मागतो आणि मग त्याला फुंकर घालून उडवतो. अंगणातल्या मुंग्या ओलांडताना त्याची चाल अशी काही होते, की नवखा माणूस विचारतो, "पायात काटा मोडलाय काय?" पोटापाण्यासाठी तो घरी बसून पुण्याच्या एका कंपनीच्या वेबसाइटची चाचणी घेतो, तीही पर्ल नावाच्या संगणकी भाषेत. त्याच्या वयाच्या लोकांनी ती भाषा कधीच सोडली, पण म्हाताऱ्यांना सोडणं त्याच्या रक्तात नाही. चाचणी म्हणजे काय, तर आधी एक छोटा सर्व्हर चालू करायचा, त्याला प्रश्न विचारायचे. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर 'ओके' उमटतं. हे ओके तो कंडक्टरसारखा खणखणीत ओरडतो. चुकलं की मात्र दुखवट्याच्या आवाजात, "न्हाई ओके."

घरात इन्व्हर्टर आला आणि हा दुखवटा संपेचना. कंपनीनं बजावलं, सोमवारपर्यंत निस्तर, नाहीतर पुण्याला येऊन बस. घरात एरवी मायलेक दोघंच, मी त्या दिवशी पाहुणा. सासूबाई म्हणाल्या, "जा की! मला तेवढीच शांतता." ओळ न् ओळ चाळल्यावर त्याला चूक सापडली. आधीच्या चाचणीचा जुना सर्व्हर अजून चालूच होता, उदगीरच्या बसमधल्या टॉवेलासारखा जागा अडवून. नव्यानं बसायचं कुठं?

"मग घालव की जुन्याला," मी म्हणालो.

"दाजी, त्याचा हुकूम 'किल' हाय. मारून टाका! बिचारा इमानदारीनं चालायलाय, त्याला कामून मारू?"

"मग आजवर कसं भागलं?"

"रोज लाइट जायची की. सर्व्हर आपोआप मरायचे. पाप लाइटवाल्यांचं."

इन्व्हर्टरनं सगळ्यांना अमर करून ठेवलं होतं!

भाकरी थापता थापता सासूबाई म्हणाल्या, "येड्या, तुझे अप्पा कधी दुकान बंद करतो म्हणायचे का? वाढवतो म्हणायचे. तू बी वाढव."

मेहुण्यानं तिथल्या तिथं 'वाढव' नावाचा हुकूम लिहिला. आत तो खुनी शब्द होताच, पण बाहेरची पाटी सोवळी. पडद्याला नमस्कार करून त्यानं तो चालवला, आणि मग ओके, ओके, ओके! गल्ली दणाणली.

"माय, न्हाई जायलो मी पुण्याला!"

"आली का पीडा परत माझ्या डोक्यावर," असं म्हणत सासूबाईंनी फळीवरून शेंगाच्या चटणीचा डबा काढला. पुण्याला जाताना द्यायची म्हणून त्यांनी ती कधीच कुटून ठेवली होती. झाकण इतकं आवळून लावलं होतं, की त्यांचं त्यांना निघेना. शेवटी ते मलाच उघडावं लागलं.