आजी-सानची प्रॉक्सी

आधी गुन्हा कबूल करते, मग बाकीचं सांगते. तोक्योतल्या एका जपानी भाषेच्या शाळेत, पंधरा जणांच्या वर्गात, बाई एकेकाच्या डोळ्यांत बघून हजेरी घेत असताना मी शेजारच्या मुलीची प्रॉक्सी मारली.

तेव्हा मी लहान होते हो. नुकतंच बासष्टावं लागलं होतं. आज सदुसष्टाव्या वर्षी तेव्हाच्या माझ्यातल्या त्या पोरीकडे मागे वळून बघते तेव्हा तिला बाकावर उभं करावंसं वाटतं. पण तिचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, म्हणून सोडून देते.

प्रॉक्सी म्हणजे काय, हे पुण्याच्या कॉलेजात शिकलेल्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते: जी वर्गात आलेली नाही तिच्या नावाला आपण ‘हजर’ म्हणायचं. या कलेत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मी तीन आवाज काढायचे, एक सर्दी झालेला, एक लाजरा, एक घाईतला. पुढे मीच ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले. खच्चून भरलेल्या वर्गात मान खाली घालून नंबर वाचताना पोरींच्या प्रॉक्स्या मला बरोब्बर कळायच्या. चांगली वठलेली असली तर सोडून द्यायचे. कलेची कदर नको?

लेक आणि जावई तोक्योतल्याच निशी-कसाईत राहतात. नातीला सांभाळायला म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं, आणि बघते तर नात सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाळणाघरात. म्हणजे मी सांभाळायची ती तिची खेळणी. संध्याकाळी घरी आली की मी विचारायचे, “काय गं सोनू, आज काय केलंस?” आणि ती सगळं अगदी रंगवून सांगायची, जपानीत. मी मान डोलवायचे. एकदा मान चुकीच्या जागी डोलली असावी. ती गप्प झाली आणि आईजवळ जाऊन काहीतरी पुटपुटली.

“काय म्हणतेय गं?” मी लेकीला विचारलं.

“म्हणतेय, आजीला ऐकू येत नाही.”

ऐकू येत नाही! आमच्या घराण्यात नव्वदीपर्यंत कोणाचे कान गेलेले नाहीत. पुढच्याच सत्रात मी भाषेच्या शाळेत नाव घातलं. लेक म्हणाली, “जा, तेवढाच तुझा वेळ जाईल.” महिनाभरात कंटाळेन असा तिचा अंदाज होता.

वर्गात सगळी विशीतली मुलं. व्हिएतनाम, नेपाळ, म्यानमार. आमच्या बाई माझ्या लेकीपेक्षा लहान, केस घट्ट बांधलेल्या, आणि फळ्यावरचं शेवटचं अक्षर पुसताना जणू त्याची माफी मागतायत अशा हलक्या हाताने पुसणाऱ्या. शेजारच्या खुर्चीवर व्हिएतनामची एक मुलगी. तिला मी ‘आजी’ हा शब्द शिकवला, तो वर्गाने उचलला, त्याला ‘सान’ जोडला, आणि बाईसुद्धा मला ‘आजी-सान’ म्हणायला लागल्या. म्हणजे आपल्याकडे ‘आजीजी’ म्हणावं तसं.

त्या मुलीची आणि माझी सामाईक भाषा एकच, पुस्तकातल्या पहिल्या काही धड्यांपुरती जपानी. त्यामुळे आमच्या गप्पा म्हणजे दोन बोबड्या पोरींची भातुकली.

“जेवण झालं?” मी विचारायचे.

“जेवण नाही. झोप.”

“झोप म्हणजे जेवण नाही.”

“आज आहे.”

तिच्या झोपेचं कारण साधं होतं. शाळा सांभाळून ती बाइतो करायची. अर्धवेळ कामाला इथे बाइतो म्हणतात. तिचा बाइतो होता जेवणाचे तयार डबे भरणाऱ्या कारखान्यात, आठवड्यातल्या काही रात्री. सरकत्या पट्ट्यावरून भाताचे डबे यायचे आणि ती प्रत्येक डब्यात एक खारवलेलं आलुबुखार ठेवायची. अगदी मधोमध. जरा कडेला गेलं की वरची बाई ओरडायची. वर्गात डुलकी लागली की तिची दोन बोटं बाकावर टेकायची, उचलायची, पुन्हा टेकायची. तिथेही मधोमध.

तिला शिकायचं होतं पाव आणि केक करायला. भाषेची शाळा संपली की त्यासाठीच्या शाळेत जायचं, मग आपल्या गावी छोटं दुकान टाकायचं. त्यासाठी हिवाळ्यात तिचा व्हिसा वाढून मिळायला हवा होता. आणि इथली गोम अशी, की विद्यार्थ्याचा व्हिसा हजेरीवर चालतो. माझी गोष्ट वेगळी. मी लेकीच्या आधारावर आलेली, मी वर्गाला आले काय नि घरी वांगी भाजत बसले काय, सरकारला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण या मुलांची हजेरी घसरली की परतीचं तिकीट. तीनदा उशीर झाला की एक गैरहजेरी धरायचे. कारखान्यातून पहाटे परतून ‘जरा पडते’ म्हणणाऱ्या मुलीचे असे किती उशीर झाले असतील, तुम्हीच बघा. बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता पुरे, यापुढे अवघड आहे. मला ते सांगताना तिने हाताचं विमान केलं. उडणारं नाही, उतरणारं.

दोनच दिवसांनी सकाळी तिची खुर्ची रिकामी.

बाईंची पद्धत अशी: नाव घ्यायचं, मान वर करायची, त्या माणसाकडे बघून हसायचं, मग खूण करायची. हे मी कित्येक महिने रोज बघत होते. अर्ध्याहून जास्त आयुष्य मी स्वतः हजेरी घेण्यात घालवलेलं. तरी तिचं नाव आलं आणि माझ्या आत झोपलेली ती कॉलेजातली भवानी खडबडून जागी झाली. मी पेन्सिल खाली पाडली, ती उचलायला वाकले, आणि बाकाखालून लाजऱ्या, बारीक आवाजात म्हणाले, “हाय.” इथे ‘हजर’ला ‘हाय’ म्हणतात.

मी बाकाखालीच. वर यायला गुडघे तयार नव्हते, आणि तोंडही.

“आजी-सान,” बाई म्हणाल्या, “पेन्सिल सापडली का?”

“सापडली.”

“मग वर या.”

मी वर आले. बाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, त्यांनी पुढचं नाव घेतलं. आपल्याकडच्या बाईंनी निदान खडू तरी फेकून मारला असता. मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या तासाला ती मुलगी धावत आली, केस ओले, एका पायात उलटा मोजा. बाईंनी तिला बाहेर नेलं. काचेच्या दारातून मला दिसत होतं, बाई काहीतरी विचारतायत आणि ही वाकतेय, पुन्हा वाकतेय, थांबतच नाहीये. आत येऊन बसली तेव्हा मी दबक्या आवाजात विचारलं, “बाई काय म्हणाल्या?”

“आजी ‘हाय’ म्हणाली. मी सांगितलं होतं का, असं विचारलं.”

“मग तू काय म्हणालीस?”

“माफ करा म्हटलं. खूप वेळा.”

“अगं पण तू कुठे सांगितलं होतंस?”

“नाही सांगितलं.”

“मग माफी कशाची मागितलीस, बाई?”

“उशीर झाला,” ती म्हणाली. “उशिराची.”

ही उशिराची माफी मागत होती आणि बाई ती लबाडीची समजल्या. उशीर एकवेळ पदरात घेतील. पण स्वतःच्या जागी दुसऱ्याला ‘हाय’ म्हणायला लावणाऱ्या मुलीसाठी शाळा कशाला शब्द टाकेल? तिचं विमान मी माझ्या हाताने खाली उतरवलं होतं. मदत करायला गेले होते ना! बासष्ट वर्षांची दीडशहाणी.

शाळा सुटल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत गेले. मनात जुळवलेली सगळी वाक्यं दारातच गळून पडली. जपानीत मला ‘हे पुस्तक आहे’ येत होतं, ‘स्टेशन कुठे आहे’ येत होतं, ‘त्या लेकराचा यात काडीचा दोष नाही’ हे अजून कुठल्याच धड्यात आलं नव्हतं. मग मी एक रिकामी खुर्ची ओढली, तिच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “ती. घरी. झोप.” मग स्वतःकडे बोट करून, “आजी. इथे. वाईट.” तेवढ्यानेही बाईंच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा मी त्यांच्याच टेबलावरची पेन्सिल घेतली, खाली पाडली, वाकले, आणि खोलीतल्या सगळ्या शिक्षकांदेखत टेबलाखालून पुन्हा एकदा “हाय” म्हणाले. तोच आवाज, तीच लाज. वर येऊन छातीवर हात ठेवला. “एकटी. फक्त आजी.”

कोपऱ्यातल्या एका वयस्कर सरांनी तोंडापुढे वर्तमानपत्र धरलं. वर्तमानपत्र हलत होतं. बाईंनी मात्र मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्यासारखीला कळेल अशा सुट्या सुट्या वाक्यांत म्हणाल्या, “समजलं. तिची चूक नाही. पण आजी-सान, तुमच्या ‘हाय’ने ती वर्गात आली का? नाही आली. आवाज नको. तिला आणा.”

घरी लेकीला सांगितलं तर ती हातातली कोथिंबीर तशीच धरून उभी. “आई! प्रॉक्सी? जपानमध्ये? अगं काढून टाकतील तुला!”

“मला काढतील तर काढू देत. तिला काढतील त्याचं बोल.”

“मग आता काय करणारेस?”

“उठवणार,” मी म्हटलं. “अख्खा जन्म तुम्हाला उठवण्यात गेला. तेवढं एक मला कुठल्याही भाषेत येतं.”

मी पहाटेच उठते. पोळ्या लाटून झाल्या की तिला फोन लावायचा, असं ठरलं. पहिल्या दिवशी फोन वाजून वाजून बंद पडला. दुसऱ्या दिवशी मी तिला आमचं एक स्टीलचं पातेलं नेऊन दिलं, आणि दाखवलं: फोन यात ठेव, पातेलं उशाशी. मग काय विचारता! पातेल्यात फोन वाजला की देवळात घंटा बडवल्यासारखा दणदणाट. तिच्या खोलीत राहणाऱ्या आणखी दोघीसुद्धा वेळेवर शाळेत यायला लागल्या. माझ्याकडे मात्र रागाने बघायच्या.

फोनवर जपानी मला सुचायचंच नाही. इतक्या सकाळी परकी भाषा घशाखाली उतरते, बाहेर येत नाही. मी सरळ मराठीत सुरू करायचे, “ऊठ गं बाई, उजाडलं. ऊठ. पाच मिन्टं-बिन्टं नाही, पाय खाली टाक.” काही दिवसांनी पलीकडून पातेल्यातून घुमणारा झोपाळू आवाज आला, “पाच मिन्टं, आजी.” शुद्ध मराठीत! मी तशीच फोन घेऊन नातीच्या अंथरुणाशी गेले आणि तिला ऐकवला. माझ्या दोन पोरींपैकी मला मराठीत उत्तर देणारी एकच होती, आणि ती होती व्हिएतनामची. नातीने डोळे चोळत ऐकून घेतलं, आणि त्या दिवसापासून ती माझ्या शेजारी बसून फोनमध्ये ओरडायला लागली, “ऊठ गं बाई!” तिचं पहिलं अख्खं मराठी वाक्य ते. आजतागायत ते ती आपल्या आईवर वापरते.

हिवाळा आला. व्हिसाचा अर्ज गेला, आणि मग नुसती वाट बघणं. तिने कारखान्यातल्या रात्री कमी करून घेतल्या होत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जरा निवळली होती, उशीर थांबले होते. पण आधीचे उशीर कोण पुसणार? रोज सकाळी ती पातेल्यातून “उठले” म्हणायची आणि मी विचारायचे, “काही आलं?” ती म्हणायची, “नाही आलं.” मग दोघी उगीच हवेबद्दल बोलायचो. हवेवरचा धडा आमचा झाला होता.

एक दिवस ती वर्गात शिरली ती थेट माझ्याकडे आणि नवं कार्ड माझ्या नाकासमोर धरलं. व्हिसा वाढून मिळाला होता. चष्मा नव्हता, त्यामुळे अक्षरं काही दिसली नाहीत, फक्त तिचा फोटो दिसला. फोटोत ती टक्क जागी होती. मी तिला जवळ घेतलं. इथे असं कोणाला जवळ घेत नाहीत, पण बाई तेवढ्यात फळ्याकडे तोंड करून काहीतरी पुसत राहिल्या. फळा कोरा होता.

सत्र संपायला आठवडा उरला आणि नातीला ताप आला. अंग जरा गरम झालं की पाळणाघर मूल ठेवून घेत नाही, लेकीची मीटिंग, म्हणून मी घरी राहिले. माझी सबंध शाळेतली ती पहिली गैरहजेरी. दिवसभर नातीच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि ती गोष्ट सांगत होती ती ऐकली. जपानीत सांगत होती. मला बरीचशी कळली. मान एकदाही चुकीच्या जागी डोलली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. शेजारीण माझ्याकडे बघेना, पुस्तकात नाक खुपसून बसलेली, कान लाल. मागची दोन पोरं एकमेकांना कोपरं मारतायत. बाई आल्या, त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं, माझं नाव घ्यायच्या आधी थांबल्या, मान वर केली, आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “आजी-सान, काल तुमचा आवाज फार तरुण लागला होता. गैरहजेरी मांडली आहे.”