पडद्याशेजारचे बाबूराव

आमच्या शेजारचे बाबूराव कंपाउंडर कुणाचीही गोष्ट पहिल्या फटक्यात खरी मानत नसत. कुणाची सून पळाली, कुणाच्या विहिरीत भूत दिसलं, काहीही कानावर आलं की म्हणायचे, "आधी हलवून घ्या, मग प्या. खरं औषध तळाशी बसलेलं असतं." मी लग्न होऊन बदलापूर गावात आले तेव्हा हा माणूस मला भलताच आगाऊ वाटला होता.

लढाईच्या काळात कल्याणच्या लष्करी छावणीत त्यांनी एका गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली काम केलं होतं. तिथे शिकलेलं इंग्रजी गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. म्हणून उन्हाळ्यात तंबूची टॉकीज आली आणि इंग्रजी बोलपट लागला, की बाबूराव पडद्याशेजारी स्टुलावर उभे राहून अख्खं चित्र मराठीत बोलून दाखवत. राणीचा आवाज, शिपायाचा आवाज, कुत्र्याचासुद्धा. नंतर दोन दिवस गुळण्या करत फिरायचे.

एका वर्षी आलेलं चित्र वेगळंच होतं. एक अनोळखी माणूस भरदुपारी एका बाईच्या दारात येतो, पाणी मागतो आणि जातच नाही. तिच्या मेलेल्या नवऱ्याचा कोट घालतो, त्याच्या खुर्चीत बसतो, घरातल्या वस्तू गुपचूप इकडच्या तिकडे करतो. शेवटी बाईला वाटू लागतं, वेड आपल्यालाच लागलंय. रक्ताचा थेंब नाही, पण आम्ही बायका एकमेकींचे हात घट्ट धरून बसलो होतो. बाबूरावांनी त्या माणसाच्या तोंडी वाक्य घातलं, "अदी, पाणी पिऊ, मग जाऊ."

ते वाक्य किशनदासचं होतं. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातून डोक्यावर पत्र्याचा डबा घेऊन येणारा हा सिंधी पापडवाला प्रत्येक ओटीवर हेच बोलून टेकायचा. अदी म्हणजे ताई. तंबूत आधी हशा पिकला, मग हळूहळू त्या वाक्याचीच भीती वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. "अदी, पाणी पिऊ..." एवढं ऐकलं मात्र, मी दाराला कडी घातली. फटीतून पाहिलं, तर तो ओटीवर उभा, बंद दाराकडे बघत. पुढच्या आळीतही दारं लागली. तिथे कुणीतरी त्याला दगड मारला.

त्याचं कपाळ बाबूरावांनीच बांधलं. "कशाबद्दल मारलं?" त्यांनी विचारलं.

"पता नाही, साहेब. मी तर पाणी मागितला."

तिथून ते तडक माझ्या दारात आले. चेहरा पांढराफटक. "वहिनी, दगड कुणी मारला ते शोधू नका," ते म्हणाले. "आवाज माझा होता."

त्या संध्याकाळी चित्राचा शेवटचा खेळ होता. मला वाटलं, बाबूराव काही जाणार नाहीत. पण ते स्टुलावर चढले. "काल मी एका गरिबाचं बोलणं त्या हलकटाच्या तोंडी घातलं. चूक माझी. आज नीट ऐका." पडद्यावर दार उघडलं, अनोळखी माणूस आत आला आणि बोलला तो बाबूरावांच्या रोजच्या, दवाखान्यातल्या मऊ आवाजात. "काय वहिनी, झोप लागते ना? आधी हलवून घ्या, मग प्या." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. याच आवाजाच्या भरवशावर अख्खं गाव डोळे मिटून औषध पीत होतं.

सकाळी मी खोकल्याचं औषध आणायला दवाखान्यात गेले. बायका बाटल्यांचा वास घेत होत्या. कुणी उगाच हसत होतं, पण घ्यायला पुढे कुणी होईना. मीसुद्धा नाही. बाबूराव खाली मान घालून पुड्या बांधत होते. "होऊ दे," मला म्हणाले. "मला गाव ओळखतं, मी निभावेन. त्याला इथे कोण आहे?"

तेवढ्यात किशनदास पट्टी बदलायला आला. अंगात ताप होता. बाबूरावांच्या हातून त्याने बाटली घेतली, हलवली आणि सगळ्यांदेखत घोट घेतला. "कडू आहे, साहेब," म्हणाला. मग रांग पुढे सरकली.

बाबूरावांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. एवढ्या छातीचा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्यांनी आपली चूक चारचौघांत कबूल केली आणि निस्तरली. मी माझी कधी बोलूनही दाखवली नाही. किशनदास आला की मी दार सताड उघडायचे, पाट मांडायचे, पाण्याबरोबर गूळ ठेवायचे. तो हसून पाणी प्यायचा, पण उभ्यानेच. आमच्या ओटीवर तो पुन्हा कधी बसला नाही.